इंग्रजी वाक्प्रचार आत्मसात करताना: अर्थाबरोबर आणखी काय टिपावे

'आर यू पुलिंग माय लेग?' हे वाक्य मी पहिल्यांदा एका परदेशी सहकाऱ्याच्या पत्रात वाचले, तेव्हा माझ्या मनात लगेच मराठीतले 'पाय ओढणे' उभे राहिले. मराठीत पाय ओढणे म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणे, त्याच्या प्रगतीत खोडा घालणे; त्यात हेवा असतो आणि वैरही असते. त्यामुळे मी ते वाक्य आरोप म्हणून वाचले आणि उत्तरही तसेच ताठरपणे लिहिले. प्रत्यक्षात त्याने एवढेच विचारले होते, की 'तू माझी फिरकी तर घेत नाहीस ना?' शब्द जुळत होते, डोळ्यांपुढचे चित्रही तेच होते, पण एका भाषेत ज्याने माणूस दुखावतो, त्याने दुसऱ्या भाषेत तो हसतो. त्यानंतर मी प्रत्येक वाक्प्रचाराबरोबर त्याच्या अर्थाखेरीज आणखी तीन गोष्टी टिपू लागले: तो कोण कोणाला म्हणतो, कोणत्या प्रसंगी म्हणतो, आणि त्यातले कोणते शब्द हलवता येतात व कोणते हलवता येत नाहीत. नुसता अर्थ पाठ केल्याने वाचन कसेबसे निभावते; बोलणे आणि लिहिणे मात्र या तीन गोष्टींवाचून अडते.

सुरुवात कोणत्या वाक्प्रचारांपासून करावी, याबद्दल माझे मत ठाम आहे. बहुतेक याद्यांमध्ये 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्स' हा मुसळधार पावसाचा वाक्प्रचार अग्रभागी असतो, कारण तो चित्रमय आहे आणि चटकन लक्षात राहतो. पण आजचा इंग्रजी भाषक रोजच्या बोलण्यात तो क्वचितच वापरतो. याउलट 'बाय अँड लार्ज' (एकंदरीत), 'इन द लाँग रन' (दीर्घकाळात), 'अक्रॉस द बोर्ड' (सरसकट), 'अ‍ॅट शॉर्ट नोटिस' (ऐनवेळी कळवून) असे रंगहीन वाटणारे शब्दसमूह बातम्यांत, कार्यालयीन पत्रांत आणि चर्चेत सतत भेटतात, आणि ते कळले नाहीत तर वाक्याचा रोखच हुकतो. 'बाय अँड लार्ज' हा मुळात शिडाच्या जहाजांवरचा प्रयोग आहे. वाऱ्याच्या जवळजवळ तोंडाला जाणे म्हणजे 'बाय' आणि वारा मागून घेऊन जाणे म्हणजे 'लार्ज'. दोन्ही तऱ्हांनी नीट चालणारे जहाज म्हणजे सर्व बाजूंनी चांगले, आणि त्यावरून आजचा 'एकंदरीत', 'ढोबळ मानाने' हा अर्थ आला. आज तो उच्चारणाऱ्याच्या मनात ना जहाज असते ना वारा. असे न दिसणारे वाक्प्रचार आधी शिकावेत.

म्हणी आणि वाक्प्रचार यांतला शाळेत शिकलेला भेद येथे उपयोगी पडतो. म्हण स्वतःच एक पूर्ण विधान असते, तर वाक्प्रचार वाक्यात विरघळतो आणि कर्त्याप्रमाणे, काळाप्रमाणे रूप बदलतो. 'ॲक्शन्स स्पीक लाउडर दॅन वर्ड्स' ही म्हण तुम्ही स्वतः कधीही उच्चारली नाही तरी काही बिघडत नाही. पण 'कॉल इट अ डे' म्हणजे 'आजपुरते काम थांबवणे' हे ठाऊक नसेल, तर बैठक संपल्याचे सांगितले जात असताना तुम्ही पुढच्या मुद्द्याची वाट पाहत बसाल. म्हणून म्हणी नंतरसाठी ठेवाव्यात.

निवडीचा दुसरा नियम असा, की जो वाक्प्रचार तुमच्या स्वतःच्या वाचनात किंवा ऐकण्यात आला आहे, तोच वहीत घ्यावा, आणि तोही शक्यतो दुसऱ्यांदा भेटल्यावर. 'डोक्यावरचे पन्नास वाक्प्रचार', 'प्राण्यांवरचे शंभर वाक्प्रचार' अशा संग्रहांतून शिकू नये, कारण 'लूज युवर हेड', 'कीप युवर हेड' आणि 'ओव्हर माय हेड' एकाच दिवशी शिकले, तर आठवड्याभरात तिन्ही एकमेकांत मिसळतात. पहिल्याचा अर्थ घाबरून किंवा संतापून विवेक गमावणे, दुसऱ्याचा अर्थ अडचणीत शांत राहणे आणि तिसऱ्याचा अर्थ एखादी गोष्ट आपल्या समजेपलीकडची असणे. एकेक वेगवेगळ्या प्रसंगात भेटला, की तो त्या प्रसंगाला चिकटून मनात राहतो.

अनोळखी वाक्प्रचार दिसला, की लगेच शब्दकोश उघडू नये. आधी मागची दोन आणि पुढची दोन वाक्ये वाचून स्वतः अंदाज बांधावा, तो कागदावर लिहावा आणि मगच पडताळून पाहावे. अंदाज चुकला तरी त्याचा लाभ होतो, कारण कुठे चुकले हे जे मनावर ठसते, ते आयते मिळालेल्या अर्थाने ठसत नाही. पडताळण्यासाठी इंग्रजी-मराठी कोशापेक्षा ऑक्सफर्ड, केंब्रिज किंवा लाँगमन यांचे शिकणाऱ्यांसाठी तयार केलेले कोश अधिक उपयोगी पडतात, कारण त्यांत अर्थाशेजारी वापराची खूण दिलेली असते. 'इन्फॉर्मल' अशी खूण असेल तर तो प्रयोग अर्जात किंवा अहवालात नको. 'ओल्ड-फॅशन्ड' असेल तर तो समजून घ्यावा, पण स्वतः वापरू नये. 'डिसअप्रूव्हिंग' असेल तर त्यात टीका दडलेली आहे, हे ध्यानात घ्यावे. अशा कोशांत वाक्प्रचार साधारणपणे त्यातल्या पहिल्या महत्त्वाच्या शब्दाखाली सापडतो. 'स्पिल द बीन्स' हवा असेल तर 'स्पिल' पाहावे. तेथे नसेल तर 'बीन' या शब्दाकडे जावे.

हाच वाक्प्रचार थोडा जवळून पाहू. 'स्पिल द बीन्स' याचा अर्थ बहुतेक ठिकाणी 'गुपित फोडणे' असा दिलेला असतो आणि तो चुकीचा नाही. परंतु अनेक शिकणारे त्याच्यापुढे 'बिंग फोडणे' असे लिहून ठेवतात आणि तिथे गल्लत होते. बिंग म्हणजे कोणाचे तरी लपवलेले कपट. ते फोडणारा माणूस एका अर्थी चांगले काम करत असतो. 'स्पिल द बीन्स' मध्ये गुपित वाईटच असले पाहिजे असे नाही. मित्राला न कळवता त्याच्या वाढदिवसाची तयारी चालली होती आणि कोणीतरी ती त्यालाच सांगून टाकली, तर इंग्रजीत 'समबडी स्पिल्ड द बीन्स' असे अगदी सहज म्हणतात. मराठीत तेथे 'बिंग फोडले' म्हटले तर ऐकणारा चमकेल. ज्याच्या पोटात काही राहत नाही, अशा माणसाविषयी आपण जे बोलतो, त्याच्या हा प्रयोग अधिक जवळचा आहे. याचा सूर हलकाफुलका असतो, त्यामुळे एखाद्या संस्थेतून गोपनीय कागदपत्रे बाहेर गेल्याचा गंभीर अहवाल लिहिताना तो शोभत नाही. कशाविषयीचे गुपित, हे सांगायचे असेल तर पुढे 'अबाउट' येते. 'द' गाळता येत नाही, 'बीन्स' चे एकवचन करता येत नाही, आणि 'स्पिल' च्या जागी 'ड्रॉप' किंवा 'थ्रो' घातले तर ऐकणाऱ्याला खरोखरच जमिनीवर सांडलेले दाणे दिसतात. याचा शेजारी 'लेट द कॅट आउट ऑफ द बॅग' हा आहे. त्यात गुपित बहुधा अनवधानाने सुटलेले असते, तर 'स्पिल द बीन्स' मध्ये ते अनवधानाने सुटलेले असू शकते किंवा जाणूनबुजून सांगितलेलेही असू शकते. एका वाक्प्रचाराला एवढा वेळ दिला, की तो कायमचा आपला होतो. आठवड्याला असे तीन किंवा चार पुरेत.

आता मराठीकडे वळू, कारण मराठी भाषकाला इंग्रजी वाक्प्रचार शिकताना स्वतःच्या भाषेइतका मोठा आधार नाही आणि तिच्याइतका मोठा चकवाही नाही. काही जोड्या चित्रासकट जुळतात: 'अ‍ॅड फ्युएल टू द फायर' म्हणजे आगीत तेल ओतणे, 'रब सॉल्ट इन द वूंड' म्हणजे जखमेवर मीठ चोळणे, 'शेड क्रोकोडाइल टिअर्स' म्हणजे नक्राश्रू ढाळणे, 'किल टू बर्ड्स विथ वन स्टोन' म्हणजे एका दगडात दोन पक्षी मारणे. यांवर वेळ घालवण्याचे कारण नाही. शब्दांचा क्रम पाहून ठेवला की झाले. काही ठिकाणी कल्पना एकच असते, पण चित्र बदलते. इंग्रजीत मोल नावाच्या छोट्या प्राण्याने उकरलेल्या मातीच्या ढिगाऱ्याचा डोंगर होतो, आपल्याकडे राईचा पर्वत होतो. इंग्रज मध्यरात्रीचे तेल जाळतो, आपण रात्रीचा दिवस करतो. नको ते पाहायचे टाळताना इंग्रजी माणूस आंधळा डोळा वळवतो आणि आपण त्या डोळ्याला कानही जोडून कानाडोळा करतो. 'टर्न अ ब्लाइंड आय' याच्या संदर्भात 1801 च्या कोपनहेगनच्या लढाईतली ब्रिटिश नौसेनानी नेल्सन याची कथा सांगितली जाते: माघारीचा इशारा नको असल्यामुळे त्याने दृष्टी गेलेल्या डोळ्याला दुर्बीण लावली, अशी ती कथा आहे. मराठीत कानाडोळा कशाकडे तरी करतात, तसे इंग्रजीत या प्रयोगानंतर 'टू' यावे लागते, आणि हे लहानसे अव्यय वाक्प्रचाराबरोबरच पाठ करावे.

खरी काळजी घ्यावी लागते ती चित्र सारखे आणि अर्थ वेगळा असलेल्या जोड्यांची. 'वॉश युवर हँड्स ऑफ समथिंग' म्हणजे एखाद्या गोष्टीशी आपला यापुढे संबंध नाही असे जाहीर करणे, म्हणजेच आपले हात झटकणे. पण 'हात धुऊन घेणे' म्हणजे मिळेल तेवढा लाभ उपटणे, आणि हे दोन अर्थ एकमेकांच्या जवळजवळ विरुद्ध आहेत. 'ईट युवर वर्ड्स' म्हणजे आपण बोललो ते चुकीचे होते असे मान्य करावे लागणे. मराठीत शब्द गिळणारा माणूस ते मुळात बोललेलाच नसतो. 'सी आय टू आय' म्हणजे दोघांचे एकमत असणे, आणि तेही बहुधा नकारार्थी वाक्यांत येते, जसे 'दे डोन्ट सी आय टू आय ऑन धिस'. त्याचा नजरेला नजर भिडवण्याशी काहीही संबंध नाही. 'वर्थ वन्स सॉल्ट' हा प्रयोग पाहताच खाल्ल्या मिठाला जागणे आठवते, पण मराठीत मीठ निष्ठेचे आहे आणि इंग्रजीत ते लायकीचे आहे. 'एनी टीचर वर्थ हर सॉल्ट' म्हणजे आपले काम नीट जाणणारी कोणतीही शिक्षिका. ती कोणाशी एकनिष्ठ आहे की नाही, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. वहीची काही पाने केवळ अशा फसव्या जोड्यांसाठी राखून ठेवावीत. माझ्या वहीतली सर्वांत उपयोगी पाने तीच ठरली आहेत.

याहून सूक्ष्म फरक असलेल्या जोड्याही आहेत, आणि त्या शोधण्यात भाषेचा खरा आनंद आहे. 'हिट द नेल ऑन द हेड' म्हणजे नेमके बोलणे. त्यासाठी 'वर्मावर बोट ठेवणे' सुचते, परंतु वर्मावर बोट ठेवले की समोरच्याला दुखते आणि इंग्रजीतला खिळा कोणालाच दुखावत नाही. 'वन्स इन अ ब्लू मून' साठी कपिलाषष्ठीचा योग आठवतो. दोन्हींत आकाशातली दुर्मीळ घटना आहे. तरीही कपिलाषष्ठीचा योग हा एकदाच जुळून आलेला, स्वागतार्ह प्रसंग असतो, आणि 'वन्स इन अ ब्लू मून' एखादी गोष्ट किती क्वचित घडते, याचे माप सांगतो: 'ही रिंग्ज मी वन्स इन अ ब्लू मून', म्हणजे तो मला सठीसामाशी फोन करतो. एकाच महिन्यात आलेली दुसरी पौर्णिमा म्हणजे ब्लू मून, ही आज रूढ असलेली व्याख्या 1946 मध्ये एका अमेरिकी खगोल मासिकातल्या लेखात झालेल्या चुकीतून पसरली. वाक्प्रचार त्याच्या कितीतरी आधीचा आहे.

उत्पत्तीच्या कथांबाबत एवढेच सांगेन, की त्या स्मरणासाठी घ्याव्यात, पुराव्यासाठी नव्हे. काहींचे मूळ पक्के आहे: 'सावर ग्रेप्स' इसापाच्या कोल्ह्याकडून आले, 'द रायटिंग ऑन द वॉल' (येऊ घातलेल्या संकटाची स्पष्ट चिन्हे) बायबलच्या दानिएलाच्या पुस्तकातून आले, 'थ्रो इन द टॉवेल' (हार मानणे) मुष्टियुद्धातून आले आणि 'कॅच-ट्वेंटी टू' (सुटका नसलेला पेच) हे 1961 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जोसेफ हेलर यांच्या कादंबरीचे नाव आहे. परंतु मांजरे आणि कुत्री पावसाबरोबर छपरावरून खाली पडत, यासारख्या फिरत्या कथांना आधार नाही. कथा रंगतदार असली म्हणून ती खरी ठरत नाही.

वाक्प्रचार किती ताठ आहे, हे ओळखणे ही तिसरी गोष्ट. मराठीत 'पोटात कावळे ओरडणे' म्हणताना कावळ्यांच्या जागी चिमण्या आणता येत नाहीत आणि कावळे मोजताही येत नाहीत. हे आपल्याला कोणी शिकवलेले नसते, कानानेच कळलेले असते. इंग्रजीत तो कान तयार होईपर्यंत जाणीवपूर्वक पाहावे लागते. क्रियापदाचा काळ जवळपास सर्वत्र बदलतो. नामाआधी विशेषण घालणे काही ठिकाणी चालते: वशिला लावणे या अर्थाच्या 'पुल स्ट्रिंग्ज' चे 'पुल्ड अ फ्यू स्ट्रिंग्ज' सहज होते. कर्मणी रचना मात्र जपून करावी. 'किक द बकेट' म्हणजे मरणे, पण 'द बकेट वॉज किक्ड' म्हटले तर कोणीतरी बादलीला लाथ मारली, एवढाच अर्थ उरतो. 'कट कॉर्नर्स' म्हणजे वेळ किंवा पैसा वाचवण्यासाठी कामातल्या आवश्यक पायऱ्या गाळणे. त्यात 'द' घालून 'कट द कॉर्नर' केले, की ते वळण न घेता आडवाटेने जाणे होते. शंका असेल तेव्हा जसा वाचला तसाच वापरावा.

'किक द बकेट' चे नाव निघाले आहे तर औचित्याविषयीही बोलायला हवे, कारण येथे होणारी चूक माणसाला लागते. मराठीत निधन होणे, देवाज्ञा होणे, वारणे, मरणे, खपणे आणि गचकणे यांची पायरी आपल्याला उपजत कळते, आणि सांत्वनाच्या पत्रात 'गचकले' हा शब्द कोणीही लिहिणार नाही. 'किक द बकेट' ची पायरी तीच आहे. त्याचा अर्थ 'मृत्यू पावणे' असा सभ्य शब्दांत वहीत लिहून ठेवल्यामुळेच कोणीतरी तो शोकसंदेशात वापरतो. तेथे 'पास अवे' हवे. म्हणून अर्थ लिहिताना मराठी शब्दही त्याच पायरीवरचा निवडावा. 'अंडर द वेदर' बाबत हेच पथ्य आहे: अंगात कणकण असताना ते ठीक आहे, गंभीर आजाराने रुग्णालयात असलेल्या माणसाविषयी नाही.

अटलांटिकच्या दोन बाजूंचे इंग्रजीही थोडे वेगळे असते. बहुतेक फरक निरुपद्रवी आहेत: क्षुल्लक गोष्टीवरून उठलेले वादळ ब्रिटनमध्ये चहाच्या कपात होते आणि अमेरिकेत चहाच्या किटलीत, दृष्ट लागू नये म्हणून एक 'टच वुड' म्हणतो, दुसरा 'नॉक ऑन वुड'. पण बैठकीतला 'टेबल' हा प्रयोग धोक्याचा आहे. ब्रिटिश इंग्रजीत प्रस्ताव 'टेबल' करणे म्हणजे तो चर्चेला घेणे आणि अमेरिकी इंग्रजीत तो लांबणीवर टाकणे. दुसऱ्या महायुद्धात या एका शब्दावरून दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांत बराच वेळ वाद झाला आणि मुळात दोघांना तेच हवे होते, असे चर्चिल यांनी नोंदवून ठेवले आहे. समोरचा कोणत्या बाजूचा आहे हे ठाऊक नसेल, तर हा शब्द टाळून साध्या भाषेत बोलावे.

वहीतल्या नोंदीचे स्वरूप मी असे ठेवते. डाव्या बाजूला जेथे वाक्प्रचार भेटला ते मूळ वाक्य जसेच्या तसे, त्याखाली ते कोणी कोणाला म्हटले होते याची एक ओळ, उजवीकडे मराठीतला सर्वांत जवळचा प्रयोग आणि तो नेमका कुठे कमी पडतो याची एक ओळ, आणि शेवटी स्वतःच्या आयुष्यात खरोखर घडलेल्या गोष्टीवरचे स्वतःचे वाक्य. 'बाइट द बुलेट' पुढे माझ्याकडे 'मन घट्ट करणे' असे आहे, आणि खाली लिहिले आहे की बराच काळ टाळलेली, नकोशी गोष्ट अखेर करून टाकण्यासाठीच हा प्रयोग येतो. नुसत्या धैर्यासाठी नाही. हे स्वतःचे वाक्य काल्पनिक नसावे. ज्या दाताच्या दुखण्याकडे मी वर्षभर दुर्लक्ष केले, त्यावर लिहिलेले वाक्य मला आजही आठवते. नोंद दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने उजवी बाजू झाकून वाचावी, आणि जी आठवत नाही तीच पुन्हा फिरवावी.

वापराला सुरुवात करताना घाई नको. एका पत्रात किंवा पाच मिनिटांच्या संभाषणात एक वाक्प्रचार भरपूर झाला. एकामागून एक आले तर भाषा सजवलेली आणि परकी वाटते. मराठी वाक्प्रचाराचे शब्दशः इंग्रजी करण्याचा मोहही आवरावा: 'डोन्ट ईट माय हेड' हे आपल्यात चालून जाते, पण इतरत्र ऐकणारा गोंधळतो. आणि बोलता बोलता समोरच्याचा वाक्प्रचार कळला नाही, तर मान डोलावून पुढे जाऊ नये. तोच शब्दसमूह प्रश्नार्थक सुरात परत उच्चारावा किंवा सरळ 'व्हॉट डू यू मीन बाय दॅट?' असे विचारावे. सांगणारा बहुधा आनंदाने सांगतो, आणि एखादे उदाहरणही देतो. ते उदाहरण त्याच संध्याकाळी वहीच्या डाव्या बाजूला उतरवून ठेवावे.